सुरू होतानाच कोसळणारा लॅपटॉप : दोष ओळखण्याची रीत

देवगड तालुक्यात हापूस आंब्याचा मुख्य हंगाम मार्च ते मे हा असतो. याच महिन्यांत बागायतदारांच्या संस्थांतील, कृषि कार्यालयांतील व ग्रामपंचायतींतील लॅपटॉपवर कामाचा मोठा भार पडतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व लगतच्या भागातील हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याबरोबर मानांकित बागायतदारांच्या नोंदी ठेवण्याचे काम आले. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने अस्सल फळ ओळखता यावे म्हणून फळावर स्वतंत्र क्रमांकाचे लेबल लावण्याची पद्धत सुरू केली. बागायतदारास द्यावयाची लेबले त्याच्या कलमांच्या संख्येशी निगडित ठेवण्यात आली. परदेशी आंबा पाठवू इच्छिणाऱ्यास मँगोनेट या व्यवस्थेत बाग नोंदवावी लागते व फवारण्यांचा हिशेब ठेवावा लागतो. फळपीक विम्याच्या अर्जास ठरलेली मुदत असते. हे सर्व पूर्वी चोपडीत लिहिले जाई; आज त्यातील पुष्कळसा भाग एका लहानशा यंत्राच्या पोटात असतो.

असे यंत्र ऐन हंगामात सुरू होतानाच बंद पडू लागले, म्हणजे कळ दाबताच दिवा लागावा, कंपनीचे चिन्ह दिसावे आणि पुढे पडदा काळा किंवा निळा होऊन सर्व थांबावे, असे झाले की कार्यकर्त्याचा धीर सुटतो. घाईने कोणी तरी ‘सर्व पुसून पुन्हा भरा’ असा सल्ला देतो आणि तो मानला जातो. पुष्कळ वेळा मूळचा दोष किरकोळ असतो. नोंदींचा नाश होतो तो या घाईच्या उपचाराने. मोहोरावर तुडतुडे पडले आहेत की भुरी आली आहे, हे पाहिल्यावाचून जाणता बागायतदार औषध फवारीत नाही. लॅपटॉपच्या बाबतीतही प्रथम दोष ओळखावा व नंतर उपाय करावा. हा दोष कसा ओळखावा आणि उपाय कोणत्या क्रमाने करावेत, याचे विवेचन पुढे केले आहे.

माहिती निराळी, यंत्र निराळे

सर्वप्रथम एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. लॅपटॉप सुरू होत नाही याचा अर्थ त्यातील माहिती नष्ट झाली असा नव्हे. बागायतदारांच्या याद्या, सातबाराच्या प्रती, फवारणीचे तक्ते ही सर्व माहिती डिस्क नावाच्या भागावर असते. चार्जर, बॅटरी, पडदा, पंखा, स्मृतीच्या पट्ट्या हे भाग निराळे असतात आणि यंत्र चालविणारी विंडोज ही प्रणाली आणखी निराळी असते. यांपैकी कोणताही एक भाग अडला तरी यंत्र सुरू होत नाही. परंतु डिस्क शाबूत असेल तर तिच्यावरील नोंदीही शाबूत असतात. कुलूप बिघडले म्हणून आतले धान्य नासत नाही, तसेच हे आहे.

म्हणून उपायांचा पहिला नियम असा : ज्या उपायाने डिस्कवरील माहिती पुसली जाण्याचा संभव आहे, तो उपाय सर्वांत शेवटी आणि नोंदींची प्रत हाती आल्यावरच करावा. दुसरा नियम असा : एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा व तो वहीत लिहून ठेवावा. तीन उपाय एकदम केले तर कोणत्या उपायाने गुण आला, अथवा कोणत्या उपायाने बिघाड वाढला, हे कळत नाही.

यंत्र जागे होते कसे

सुरू होण्याची कळ दाबल्यापासून काम करण्याजोगी स्थिती येईपर्यंत लॅपटॉप पाच टप्प्यांतून जातो.

पहिल्या टप्प्यात वीज आतल्या पटलापर्यंत पोहोचते. दिवा लागतो व पंखा फिरू लागतो. दुसऱ्या टप्प्यात यंत्र स्वतःची तपासणी करते. स्मृतीच्या पट्ट्या, पडदा, कळफलक जागेवर आहेत की नाहीत हे ते पाहते आणि मग कंपनीचे चिन्ह दाखविते. तिसऱ्या टप्प्यात ते डिस्क शोधते. चौथ्या टप्प्यात डिस्कवरून विंडोज प्रणाली स्मृतीत भरली जाते. या वेळी गोल फिरणारे ठिपके दिसतात. पाचव्या टप्प्यात वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द विचारला जातो आणि त्यानंतर नेहमीचे कार्यक्रम सुरू होतात.

यंत्र यांपैकी कोणत्या टप्प्यावर अडते, हे पाहणे म्हणजेच अर्धे निदान होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने यंत्र दोनदा सुरू करून शेवटी काय दिसले, किती वेळाने दिसले आणि कोणता आवाज आला हे लिहून घ्यावे. पडद्यावर मजकूर आला असेल तर मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. मात्र डिस्कमधून टक्टक् किंवा खरखर असा आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे व पुन्हा सुरू करून पाहू नये. फिरत्या चकतीची डिस्क मोडकळीस आल्याचे ते लक्षण आहे आणि प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक वाचण्याजोगी माहिती कमी होत जाते.

पहिला टप्पा : दिवाच लागत नाही

येथे दोष विजेच्या मार्गात असतो. भिंतीवरील खटक्यात दुसरे उपकरण लावून वीज आहे याची खात्री करावी. चार्जरची वायर पिनेजवळ पिचली आहे काय ते पाहावे. त्याच प्रकारचा दुसरा चार्जर मिळाल्यास लावून पाहावा. मात्र त्यावर लिहिलेला व्होल्टचा आकडा मूळ चार्जरइतकाच असावा आणि अँपिअरचा आकडा मूळ चार्जरपेक्षा कमी नसावा. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर अर्धा तास चार्जर लावून ठेवावा व मग प्रयत्न करावा.

एवढ्याने न भागल्यास साठलेली वीज काढून टाकावी. चार्जर, पेन ड्राइव्ह, छपाई यंत्र इत्यादी सर्व जोडण्या काढाव्यात. बॅटरी बाहेर काढता येण्यासारखी असेल तर काढावी. सुरू करण्याची कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी. नंतर केवळ चार्जर जोडून यंत्र सुरू करावे. हा उपाय निर्धोक आहे, त्यास खर्च नाही आणि मृतवत् वाटणारी पुष्कळ यंत्रे त्याने चालू होतात.

बॅटरी फुगून लॅपटॉपची खालची बाजू वर आली असेल, तर मात्र यंत्राचा वापर लगेच थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू अथवा टोचू नये. ती पेट घेण्याचा धोका असतो. ती जाणकार कारागिराकडूनच बदलून घ्यावी.

दुसरा टप्पा : दिवा लागतो, चिन्ह दिसत नाही

दिवा लागला, पंखा फिरला, परंतु पडदा काळाच राहिला, तर प्रथम पडदा व यंत्र यांत फरक करावा. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. अंधुक चित्र दिसले तर यंत्र चालू आहे. पडद्यामागील प्रकाश तेवढा गेला आहे. कार्यालयातील दुसरा पडदा किंवा दूरचित्रवाणी संच जोडून कामही करता येते आणि नोंदींची प्रतही घेता येते.

चित्र मुळीच नसेल आणि यंत्र ठराविक संख्येने शिट्ट्या देत असेल किंवा दिवा ठराविक वेळा लुकलुकत असेल, तर ती खूण मोजून ठेवावी. प्रत्येक कंपनीने या खुणांचे अर्थ ठरविलेले असतात व कारागिरास त्यांवरून दोष कळतो. स्मृतीची पट्टी सैल होणे किंवा तिच्या पितळी रंगाच्या कडेवर मळ चढणे हे या टप्प्यावरील एक नित्याचे कारण आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत असा मळ लवकर धरतो. यंत्र हमीच्या मुदतीत नसेल आणि पट्टी सुटी असेल, तर जाणकार माणूस बॅटरी तोडून, पट्टी काढून, तिची कड कोरड्या मऊ खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवितो. हमीच्या मुदतीतील यंत्र मात्र बाहेर उघडू नये.

तिसरा टप्पा : डिस्क सापडत नाही

चिन्ह दिसल्यावर पडद्यावर ‘बूट डिव्हाइस’ सापडले नाही अशा अर्थाची ओळ येते. घाबरण्यापूर्वी यंत्राला एखादा पेन ड्राइव्ह किंवा स्मृतिकार्ड जोडलेले राहिले आहे काय ते पाहावे. यंत्र त्यातच प्रणाली शोधीत बसते. ते काढून पुन्हा सुरू करावे.

तरीही तीच ओळ आली तर यंत्राच्या मूळ मांडणीच्या पानावर जावे. त्यासाठी सुरू होताच एफ-२, एफ-१० किंवा डिलीट ही कळ वारंवार दाबावी लागते. कोणती कळ ते कंपनीनुसार बदलते. त्या पानावर डिस्कचे नाव दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे आणि दोष सुरू होण्याच्या क्रमात किंवा प्रणालीत आहे. नाव दिसत नसेल तर डिस्क सैल झाली आहे किंवा निकामी झाली आहे. त्या पानावरील इतर कोणतीही मांडणी बदलू नये. पाहावे, छायाचित्र घ्यावे व बाहेर पडावे.

चौथा टप्पा : विंडोज भरली जात असता कोसळणे

कंपनीचे चिन्ह दिसते, ठिपके फिरतात, आणि मग निळा पडदा येतो किंवा यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. विंडोजच्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा असतो. ‘सुरू होताना कोसळते’ ही तक्रार पुष्कळदा याच टप्प्याची असते. येथे डिस्क सापडलेली असते, म्हणून नोंदी सुखरूप असण्याची शक्यता बरीच असते.

पडद्यावर खालच्या बाजूस जो थांबण्याचा संकेत येतो तो लिहून घ्यावा. ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संकेत डिस्कपर्यंत पोहोचता आले नाही असे सुचवितो. ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा संकेत वारंवार आला तर स्मृतीच्या पट्ट्या तपासाव्यात. एखाद्या फाइलीचे नाव आले तर त्या नावाचा उपकरण चालविणारा कार्यक्रम संशयास्पद ठरतो. संकेत म्हणजे निर्णय नव्हे. तो शोधाची दिशा दाखवितो.

विंडोज काही वेळा सुरू होऊ शकली नाही की आपण होऊन दुरुस्तीच्या पानावर जाते. ती तशी न गेल्यास ठिपके फिरू लागताच सुरू करण्याची कळ सुमारे दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावे. असे दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी हे पान येते. पडद्यावर सुधारणा भरली जात असल्याची टक्केवारी दिसत असेल तर मात्र असे करू नये. त्या वेळी चार्जर लावून तासभर वाट पाहावी. दुरुस्तीच्या पानावर ‘ट्रबलशूट’ व त्यात ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडल्यास पुढील उपाय मिळतात. ते याच क्रमाने करावेत.

(१) ‘स्टार्टअप रिपेअर’. विंडोज स्वतःच्या सुरुवातीच्या फाइली स्वतः दुरुस्त करू पाहते. नोंदींना धक्का लागत नाही.

(२) ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. बिघाड नुकतीच सुधारणा भरल्यानंतर सुरू झाला असेल तर ती सुधारणा काढता येते.

(३) ‘सिस्टिम रिस्टोअर’. प्रणाली पूर्वीच्या एखाद्या दिवसाच्या स्थितीत नेली जाते. स्वतः लिहिलेले कागद तसेच राहतात. त्या दिवसानंतर बसविलेले कार्यक्रम मात्र निघून जातात.

(४) ‘स्टार्टअप सेटिंग्ज’. येथून यंत्र पुन्हा सुरू करून ४ हा अंक दाबला असता सेफ मोड नावाची मर्यादित अवस्था येते. या अवस्थेत विंडोज केवळ अत्यावश्यक भाग घेऊन चालते. यंत्र या अवस्थेत नीट चालले, तर दोष नंतर बसविलेल्या कार्यक्रमात किंवा उपकरण चालविणाऱ्या फाइलीत आहे असे समजावे. प्रथम नोंदींची प्रत घ्यावी व नंतर अलीकडे बसविलेली वस्तू काढून टाकावी.

सेफ मोडही येत नसेल तर प्रत घेण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्याच पानावरील ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून त्यात नोटपॅड हे नाव इंग्रजी अक्षरांत टंकावे. लेखनाची जी साधी खिडकी उघडते तिच्यातील ‘फाइल’ व ‘ओपन’ ही आज्ञा द्यावी आणि सर्व प्रकारच्या फाइली दाखविण्याचा पर्याय निवडावा. तेथे डिस्कवरील कप्पे दिसतात. आवश्यक कप्प्यावर उजवी कळ दाबून त्याची प्रत घेता येते व ती पेन ड्राइव्हवर उतरविता येते. या अवस्थेत डिस्कच्या भागांची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून कप्पे नावाने ओळखावेत.

एका दिवसात ८५ लाख संगणक

या टप्प्यावरील बिघाड किती लहान कारणाने होतो, याचे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या संरक्षक कार्यक्रम बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास एक सदोष फाइल आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर पाठविली. ती भरताच विंडोज कोसळू लागली, पुन्हा सुरू होऊ लागली व पुन्हा कोसळू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक असे अडले. अनेक देशांत विमाने, बँका व रुग्णालये यांच्या कामात खंड पडला. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. कंपनीने सुमारे सव्वा तासात फाइल मागे घेतली, परंतु अडलेले संगणक आपोआप सुधारले नाहीत. पुष्कळांवर उपाय एकच करावा लागला : सेफ मोडमध्ये यंत्र सुरू करावे, ती एक फाइल काढावी व यंत्र पुन्हा सुरू करावे.

या प्रसंगातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, त्या यंत्रांच्या डिस्कवरील नोंदी त्या फाइलीने पुसल्या गेल्या नव्हत्या. डिस्क कोरी करण्याची गरज नव्हती. दुसरा बोध कुलूपकिल्लीचा आहे. ज्या यंत्रांची डिस्क बिटलॉकर या व्यवस्थेने कुलूपबंद होती, त्यांत शिरण्यास ४८ अंकी किल्ली लागत होती. जेथे ती हाताशी नव्हती तेथे सोपी दुरुस्तीही खोळंबली.

हे कुलूप आज पुष्कळ नव्या लॅपटॉपवर आपोआप बसते आणि वापरणाऱ्यास त्याची कल्पनाही नसते. यंत्र प्रथम ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले, त्याच्या खात्यात किल्ली साठविली जाते. कार्यालयातील कर्मचाऱ्याची बदली झाली, तो सावंतवाडीस गेला, आणि किल्ली त्याच्या खात्यात राहिली, तर देवगडच्या कार्यालयातील नोंदी देवगडातच कुलूपबंद होतात. किल्लीवाचून ते कुलूप कारागीरही उघडू शकत नाही. म्हणून यंत्र नीट चालत असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता कार्यालयाच्या कपाटात ठेवावा.

पाचवा टप्पा : परवलीचा शब्द दिल्यानंतर बंद पडणे

येथपर्यंत आलेले यंत्र बहुधा दोन कारणांनी पडते. पहिले कारण असे की, सुरुवातीसच अनेक कार्यक्रम एकदम चालू होतात व त्यांतील एखादा सदोष असतो. ‘टास्क मॅनेजर’मधील ‘स्टार्टअप’ या यादीत जाऊन अनावश्यक कार्यक्रम एकेक करून थांबवावेत. दुसरे कारण उष्णता हे होय. यंत्र पाच-दहा मिनिटे चालून अचानक बंद होते, खालची बाजू तापते व पंखा मोठ्याने वाजतो, ही त्याची लक्षणे. गादीवर, उशीवर किंवा आंब्याच्या पेटीतील गवतावर ठेवलेल्या लॅपटॉपची हवेची भोके बुजतात. यंत्र कठीण व सपाट फळीवर ठेवावे आणि पंख्यात साचलेली धूळ वर्षातून एकदा साफ करून घ्यावी.

एक उदाहरण

समजा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका संस्थेच्या लॅपटॉपवर कंपनीचे चिन्ह येते, ठिपके फिरतात आणि निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा सुरू होते. दिवा व चिन्ह आल्यामुळे पहिला व दुसरा टप्पा निर्दोष आहे. ठिपके आल्यामुळे डिस्क सापडली आहे. म्हणजे दोष चौथ्या टप्प्यात आहे. आदल्या दिवशी नवे छपाई यंत्र जोडून त्याचा कार्यक्रम बसविल्याचे लिपिक सांगतो. छपाई यंत्राची वायर काढून सेफ मोडमध्ये सुरू केले असता यंत्र चालते. कार्यकर्ता प्रथम बागायतदारांच्या याद्या पेन ड्राइव्हवर घेतो, नंतर तो कार्यक्रम काढतो आणि यंत्र नेहमीच्या रीतीने सुरू करतो. कणकवलीपर्यंतचा हेलपाटा वाचतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाही बागायतदाराची नोंद हरवत नाही. ‘काल काय बदलले?’ हा प्रश्न येथे सर्वांत उपयोगी ठरला आहे.

किनाऱ्यावरील विशेष काळजी

सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि देवगडची हवा खारी व दमट असते. अशा हवेत तांब्याच्या जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. लॅपटॉप समुद्राकडील उघड्या खिडकीजवळ ठेवू नये. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि वापर नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर चालवावा. त्याच्या उबेने आतील ओलावा निघतो.

मे महिन्यातील वळवाच्या व ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजा होतात. गडगडाट सुरू होताच चार्जर व इंटरनेटची वायर दोन्ही भिंतीपासून काढाव्यात. केवळ खटका बंद करणे पुरेसे नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात किनाऱ्यावरील वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा प्रसंगी वीज येते-जाते त्या काळात यंत्र चार्जरवर चालवू नये. पुरवठा स्थिर झाल्यावर जोडावे.

यंत्रावर पाणी सांडल्यास ते तत्काळ बंद करावे, चार्जर काढावा, उघडे करून पालथे ठेवावे व निदान दोन दिवस सुरू करू नये. तांदळात पुरून ठेवण्याने विशेष लाभ होत नाही. उलट कण आत जातात. खारे पाणी गेले असेल तर नुसते वाळविणे पुरत नाही, कारण मीठ आत राहून पटल खाते. असे यंत्र लवकरात लवकर कारागिराकडे द्यावे.

जे करू नये

दुरुस्तीच्या पानावरील ‘रिसेट धिस पीसी’ हा पर्याय प्रथमच वापरू नये. त्यातील ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ या प्रकाराने सर्व नोंदी जातात. ‘कीप माय फाइल्स’ या प्रकाराने कागद राहतात, परंतु बसविलेले कार्यक्रम जातात. आवाज करणाऱ्या डिस्कवर दोषशोधक कार्यक्रम चालवू नये. आधी प्रत, मग तपासणी. अनोळखी संकेतस्थळावरील ‘एका क्षणात दुरुस्ती’ करणारे कार्यक्रम बसवू नयेत. विंडोज १० या आवृत्तीचा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यावरून नव्या आवृत्तीवर जावयाचे असल्यास हे काम हंगामात न करता पावसाळ्यात व प्रत घेतल्यानंतर करावे.

यंत्र कारागिराकडे देताना पावतीवर ‘डिस्कवरील माहिती पुसू नये’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. डिस्क बदलली गेल्यास जुनी डिस्क परत मागून घ्यावी. तिच्यावर बागायतदारांचे आधार व बँक खात्यांचे क्रमांक असतात आणि ते त्यांनी विश्वासाने दिलेले असतात.

नोंदवही व प्रती

प्रत्येक कार्यालयाने लॅपटॉपसाठी एक साधी नोंदवही ठेवावी. तीत यंत्राचे नाव व प्रकार, खरेदीची तारीख, हमीची मुदत, ते कोणत्या खात्यावर चालते, नवा कार्यक्रम कोणत्या दिवशी बसविला व शेवटची प्रत केव्हा घेतली हे लिहावे. ४८ अंकी किल्ली वेगळ्या लिफाफ्यात असावी व कार्यभार सोपविताना तो लिफाफाही सोपविला जावा.

नोंदींच्या तीन प्रती असाव्यात : एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि एक त्या इमारतीबाहेर, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यात किंवा दुसऱ्या कार्यालयात. हंगामात दर शनिवारी प्रत घ्यावी. लेबलांचे वाटप चालू असेल तर दररोज घ्यावी. महिन्यातून एकदा बाहेरच्या प्रतीतील एखादी यादी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

लॅपटॉप आज ना उद्या बंद पडणारच. यंत्रास आयुष्य असते व डिस्क पूर्वसूचना न देताही निकामी होते. बंद पडलेल्या यंत्राच्या जागी दुसरे यंत्र आठ दिवसांत आणता येते. परंतु जानेवारीपासून लिहीत आणलेला फवारणीचा हिशेब एप्रिलमध्ये हरवला, तर तो पैसे देऊन विकत मिळत नाही आणि त्यावाचून त्या बागायतदाराचा माल निर्यातीसाठी अडतो. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यालयातील यंत्राची किल्ली व शेवटच्या प्रतीची तारीख या दोन गोष्टी याच आठवड्यात पडताळून घ्याव्यात.